गुदाशयाचा कर्करोग : आकडे कोणाच्या रुग्णांचे?

बदनापूर, प्रतिनिधी - शौचावाटे रक्त जाऊ लागले की ग्रामीण भागातील रुग्ण सर्वप्रथम मूळव्याधीचीच शंका घेतो. मूळव्याध-भगंदर हमखास बरे करून देण्याच्या पाट्या मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. संकोच आणि घरगुती उपाय यांत काही महिने निघून जातात. त्यानंतर गुदाशयाच्या म्हणजेच मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागाच्या कर्करोगाचे निदान झाले, तर जीव वाचेल का, या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा राहतो. शौचाचा नैसर्गिक मार्ग राहणार, की पोटावर पिशवी लावून उर्वरित आयुष्य काढावे लागणार? दिवसभर वाकून शेतात राबणाऱ्यासाठी हा प्रश्न दुय्यम नाही. एमआरआयच्या चित्रांवर संगणकीय आकडेमोड करून त्याचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच मिळावे, यासाठी जगभर संशोधन सुरू आहे. या शाखेला 'रेडिओमिक्स' असे नाव आहे.

या खटाटोपाचे कारण समजून घेतले पाहिजे. बळावलेल्या गाठीवर आधी सुमारे पाच आठवडे किरणोपचार व केमोथेरपी आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर शस्त्रक्रिया, असा उपचारक्रम अनेक वर्षे रूढ आहे. मात्र कापून काढलेल्या गुदाशयाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता काहींमध्ये कर्करोगाची एकही पेशी सापडत नाही. नेदरलँडमधील मास्ट्रिख्ट येथील संशोधकांनी २०१० मध्ये विविध केंद्रांतील ३,१०५ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा अशा रुग्णांची संख्या ४८४ भरली. सहापैकी एकाची शस्त्रक्रिया, निदान मागे वळून पाहता, टाळता आली असती! ब्राझीलमधील शल्यविशारद डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा यांनी तर त्यापूर्वीच, २००४ मध्ये, गाठ पूर्ण विरघळलेल्या ७१ रुग्णांना शस्त्रक्रियेविना केवळ देखरेखीखाली ठेवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता. प्रारंभी या पद्धतीवर टीका झाली. आज निवडक रुग्णांसाठी ती स्वीकारली गेली आहे.

खरी अडचण निवडीची आहे. किरणोपचारानंतर गाठीच्या जागी व्रण तयार होतो. त्या व्रणात जिवंत पेशी दडून बसल्या आहेत की नाहीत, हे एमआरआय पाहून अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. येथेच रेडिओमिक्सचा दावा सुरू होतो. डोळ्यांना जे करड्या छटांचे चित्र दिसते, ते संगणकाच्या लेखी केवळ आकड्यांचा तक्ता असते. गाठीचा आकार, तिच्या कडा, छटांची विभागणी, शेजारच्या बिंदूंमधील फरकातून तयार होणारा पोत अशी शेकडो मोजमापे त्यातून काढता येतात आणि उपचारांना प्रतिसाद दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांच्या मोजमापांची तुलना करून अंदाज बांधता येतो. चीनमधील अनेक रुग्णालयांनी एमआरआय आणि गाठीच्या तुकड्याची सूक्ष्म चित्रे यांची सांगड घालून असा अंदाज वर्तविल्याचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष आशादायक होते.

तथापि, या आकड्यांचा पाया वाटतो तितका पक्का नाही. सीटी स्कॅनमध्ये पाण्याचे मोजमाप शून्य असे जगभर ठरलेले आहे. एमआरआयमधील छटांना असे प्रमाण नाही. यंत्र बदलले, चुंबकाची शक्ती दीड टेस्लाऐवजी तीन टेस्ला झाली किंवा गाठीची सीमारेषा दुसऱ्या डॉक्टरने आखली, तरी त्याच रुग्णाचे आकडे बदलतात. फुप्फुसाच्या कर्करोगासंदर्भात २०१४ मध्ये गाजलेल्या एका रेडिओमिक्स अभ्यासाची २०१९ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा त्या क्लिष्ट सूत्राची बरीचशी करामत गाठीच्या आकारमानातूनच येत असल्याचे आढळले. म्हणजे शेकडो मोजमापांनी सांगितले ते बव्हंशी एका मोजपट्टीलाही कळले असते.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१३-१४ या एका वर्षात आलेल्या मोठ्या आतडे व गुदाशयाच्या ८०० कर्करुग्णांचा आढावा घेतला. त्यांचे सरासरी वय ४७ होते आणि १३ टक्के गाठी 'सिग्नेट रिंग' या आक्रमक प्रकारच्या होत्या. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. या गाठी किरणोपचारांना तितकीशी दाद देत नाहीत. शिवाय ज्या गाठींत बुळबुळीत द्रव साठतो त्या एमआरआयमध्येही वेगळ्या दिसतात. युरोपातील साठीच्या रुग्णांवर घडविलेले सूत्र जालना जिल्ह्यातील चाळिशीच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

बदनापूरकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला 'बीडीएन ७११' हा तुरीचा वाण असो वा अन्य कोणता, तो निरनिराळ्या ठिकाणच्या जमिनीत व पाऊसमानात तपासल्याखेरीज त्याची शिफारस होत नाही. बियाण्याला लावला जाणारा हा साधा नियम रुग्णाच्या बाबतीत शिथिल करण्याचे कारण नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने आयआयटी मुंबई व अन्य संस्थांसह कर्करुग्णांच्या चित्रांची पेढी उभारण्याचे काम हाती घेतले आहे, हे स्वागतार्ह आहे. मात्र तिचा प्रारंभ डोके-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून झाला.

सूत्र अचूक ठरले तरी पुढचा प्रश्न अंतराचा आहे. विविध देशांतील ८८० रुग्णांच्या २०१८ मधील नोंदींनुसार, शस्त्रक्रियेविना देखरेखीखाली असलेल्या सुमारे चौघांपैकी एकामध्ये दोन वर्षांत गाठ पुन्हा उगवली. ती वेळीच सापडली तर बहुधा काढता येते. त्यासाठी पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी बोटाने तपासणी व दुर्बीण आणि ठरावीक काळाने एमआरआय अपरिहार्य आहे. तालुक्यातील वरुडी येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे. सोंगणी वा वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तपासणीला जाणे किती जणांना जमेल? ज्याला ते जमणार नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया हाच अधिक सुरक्षित मार्ग ठरतो, मग संगणक काहीही सांगो.

दरम्यान, आज करता येण्याजोग्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. गुदाशयाच्या एमआरआयमध्ये गाठीच्या अक्षाला काटकोनात, सुमारे तीन मिलिमीटर जाडीचे छेद घ्यावे लागतात. ओटीपोटाचा सर्वसाधारण एमआरआय यासाठी अपुरा पडतो आणि मोठ्या शहरात गेल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. चित्रे देण्याच्या पद्धतीचाही विचार व्हावा. अनेक रुग्ण फिल्मचे मोठे लिफाफे काखेत घेऊन किंवा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवीत हिंडतात. डॉक्टरांना फिल्म वाचता येते, पण संगणकीय मोजमापासाठी यंत्रातून निघालेली मूळ डिजिटल फाइलच लागते. ती सीडीवर मागून घेता येते. उपचारांपूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही सीडी जपून ठेवल्या, तरच उद्या इथल्या रुग्णांचे आकडे कोणत्याही सूत्रात शिरू शकतील.