पाच खुर्च्या आणि 162 सामने

बेसबॉलच्या जागतिक मालिकेचा सातवा सामना 1 नोव्हेंबर 2025 रोजी टोरोंटोत अकराव्या डावात संपला आणि पाचच दिवसांनी मुक्त खेळाडूंचा, म्हणजे करार संपल्यामुळे कोणत्याही संघाशी बोलणी करू शकणाऱ्यांचा, बाजार खुला झाला. त्याबरोबर प्रत्येक संघापुढे पाच खुर्च्या मांडून त्यांत नावे बसवण्याची हिवाळी चर्चाही सुरू झाली. रोटेशन, म्हणजे सामन्याची पहिली फेक टाकून शक्य तितके डाव पेलणाऱ्या सुरुवातीच्या पिचरांची ठरलेली पाळी, ही केवळ पाच नावांची यादी असते, या समजुतीला या स्तंभाने सातत्याने विरोध केला आहे आणि लॉस एंजेलिस डॉजर्सच्या विजेतेपदाने त्या विरोधाला आता भक्कम आधार मिळाला आहे.

यासाठी फिलाडेल्फिया फिलीज संघाचा 2011 चा हंगाम शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. डिसेंबर 2010 मध्ये या संघाने 32 वर्षांच्या क्लिफ ली यांना पाच वर्षांसाठी 12 कोटी डॉलर देऊन करारबद्ध केले, तेव्हा रॉय हॅलडे, कोल हॅमल्स आणि रॉय ऑस्वाल्ट हे तिघे आधीपासूनच संघात होते, आणि चार अव्वल पिचरांचे असे रोटेशन क्वचितच जमून येते, असे मत सर्वत्र व्यक्त झाले. त्या चौघांनी हंगामातील 162 पैकी 118 सामन्यांची सुरुवात केली, संघाने 102 सामने जिंकले, आणि तरीही बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात सेंट लुइस कार्डिनल्सने त्याला घरी पाठवले.

डॉजर्सची 2025 ची आकडेवारी याच्या अगदी उलट दिशेने जाते. योशिनोबू यामामोटो (12 वर्षे, 32.5 कोटी डॉलर), ब्लेक स्नेल (पाच वर्षे, 18.2 कोटी डॉलर), टायलर ग्लासनो आणि शोहेई ओहतानी या चौघांनी अनुक्रमे 30, 11, 18 आणि 14, म्हणजे एकूण 73 सामन्यांचीच सुरुवात केली, कारण स्नेल आणि ग्लासनो दीर्घकाळ खांद्याच्या दुखण्याने बाहेर होते आणि शस्त्रक्रियेनंतर ओहतानी जूनमध्येच पिचिंगकडे परतले. उरलेले 89 सामने इतरांनी पेलले, संघ 93 विजयांवर थांबला. पण ऑक्टोबर उजाडला तेव्हा चौघेही धडधाकट होते, आणि अखेरच्या सामन्यात या चौघांनीही चेंडू हातात घेतला. यामामोटो यांनी तर आदल्याच दिवशी सहा डाव टाकलेले असताना शेवटचे आठ फलंदाज बाद करून विजेतेपद खेचून आणले.

फिलीजचा पराभव पिचरांमुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण निर्णायक पाचव्या सामन्यात हॅलडे यांनी आठ डावांत एकच धाव दिली आणि क्रिस कारपेंटर यांच्यापुढे फिलीजच्या फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही. तथापि दुसऱ्या सामन्यात चार धावांची आघाडी हाती असूनही ली यांनी ती गमावली, त्याआधी त्यांनी हंगामात 230 हून अधिक डाव टाकले होते, आणि एका सामन्यावरून थकवा सिद्ध होत नाही हे मान्य करूनही, उन्हाळ्यात खर्ची पडलेली ताकद शरद ऋतूत परत मिळत नाही, हे या स्तंभाचे जुने मत बदलण्याचे कारण दिसत नाही. पुढच्याच वर्षी हॅलडे यांच्या खांद्याने दगा दिला आणि संघ 81 विजयांवर घसरला, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

म्हणून हिवाळ्यातील खरेदीचा खरा प्रश्न ऑक्टोबरसाठी आणखी एक अव्वल नाव मिळवण्याचा नसून, एप्रिल ते सप्टेंबर या काळातील ते 89 सामने कोण पेलणार, हा आहे. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे 22 सामन्यांची सुरुवात 37 वर्षांच्या क्लेटन कर्शॉ यांनी केली होती. स्नेल यांच्या दुप्पट भरणारा हा आकडा, त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभांत, 3000 स्ट्राइकआउटच्या गौरवापुढे दुर्लक्षित राहिला. त्यांच्या पराक्रमांची बरोबरी करणारा पिचर बाजारात मिळणार नाही आणि मिळण्याची गरजही नाही. मात्र मे महिन्यातील एखाद्या सामान्य मंगळवारी सहा डाव निमूटपणे टाकून बाकीच्यांचे खांदे वाचवणारा माणूस ज्या संघाला मिळेल, त्याच संघाची पाचवी खुर्ची खऱ्या अर्थाने भरली, असे म्हणावे लागेल.