‘येतो’ म्हणून निघा

परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी अडीच वर्षांची मुलगी सकाळी उठली आणि रोजच्यासारखी आधी दाराशी गेली. बाबांच्या चपला दिसल्या की बाबा घरात आहेत, ही तिची खूण. त्या दिवशी चपला जागेवर होत्या, कारण बाबा बूट घालून गेले होते. तिने मोरीत पाहिलं, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून हाका मारल्या. तेव्हा आई-बाबांचं विमान फुकेतच्या वाटेवर होतं. पहाटेची फ्लाइट, मध्यरात्रीची टॅक्सी. ‘झोपेत आहे तोवर निघू, म्हणजे रडणार नाही,’ असं घरात ठरलं होतं.

सहाव्या दिवशी ते परतले, तर मुलगी आईकडे धावली नाही. आजीच्या पदरामागे लपली. नंतर कितीतरी रात्री आईच्या गाऊनचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येईना. ही माझ्या पाळणाघरातली मुलगी. वीस वर्षं मी मुलं सांभाळते आहे, म्हणून आज तरुण आई-बापांशी थोडं बोलायचं आहे.

जाऊ नका, असं मी सांगणार नाही. जरूर जा. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सासू-सासरे आणि मूल यांच्यामध्ये नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला जागा मिळत नाही. दोघंही नोकरी करतात, मूल झाल्यापासून सलग झोप नाही. समुद्र आपल्या उशाशी आहे, पण गिरगाव चौपाटीवर बसलं तरी आठ वाजले की कुकर लावायची आठवण होतेच. चार-पाच दिवस दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर एकमेकांसाठी काढले, तर त्यात चोरी नाही.

‘पोराला टाकून गेली’ असं बोलणारे भेटतील. बोलणं बहुधा आईलाच बसतं, बापाला कोणी विचारत नाही. त्यांना एवढंच सांगा की गिरणगावातली कितीतरी मुलं कोकणात आजीपाशी वाढली आणि बाप लालबागच्या खोल्यांत गाळ्यावर राहून गिरणीत राबला. मे महिना लागला की पोरांना एसटीत बसवून गावी पाठवायची रीतच होती. त्याला कोणी टाकणं म्हटलं नाही. मात्र गावच्या घरात काकू, आत्या, चुलत भावंडं असायची. आज फ्लॅटमध्ये एकटी आजी असते आणि तिचे गुडघे दुखत असतात. हा फरक लक्षात घेऊन तयारी करा.

मूल कोणाजवळ राहतं, यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ साली १७ महिन्यांच्या जॉनवर फिल्म केली. आई बाळंतपणाला गेली म्हणून त्याला नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात ठेवलं होतं. परिचारिका पाळीप्रमाणे बदलायच्या, त्याचं असं कोणीच नव्हतं. तो पार कोमेजला आणि आई न्यायला आली तर तिच्यापासून तोंड फिरवू लागला. याच दांपत्याने आणखी चार मुलं आपल्या घरी सांभाळली. मुलांची आधी ओळख करून घेतली, त्यांची खेळणी-पांघरुणं आणवली, आईची आठवण बोलती ठेवली. ती मुलंही अस्वस्थ झाली, पण जॉनसारखी कोलमडली नाहीत. म्हणून सांभाळणारं माणूस एकच ठेवा, ओळखीचं ठेवा आणि जमल्यास मुलाच्याच घरात ठेवा. ‘दोन दिवस आजीकडे, दोन दिवस मावशीकडे’ अशी वाटणी करू नका. आधी एक-दोन रात्री तालीम करून पाहा. मूल अजून अंगावर पीत असेल, तर सहलीसाठी घाईने दूध तोडू नका. सहल पुढे ढकला, नाहीतर त्याला बरोबर न्या.

वेळही बघून निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलं स्वस्त मिळतात, कारण फुकेतच्या बाजूला तेव्हा पावसाळा असतो आणि समुद्र खवळलेला असतो. आपल्याकडे त्याच दिवसांत हिंदमाताला पाणी तुंबतं, डेंग्यू-तापाची साथ असते. अशा दिवसांत तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन आजोबांनी जिना उतरावा का? बालवाडी सुरू होण्याचा आठवडा आणि नव्या घरी राहायला गेल्याचा पहिला महिनाही टाळा.

आजीच्या हाती नुसती किल्ली देऊ नका. लसीकरणाचं कार्ड, विम्याचं कार्ड, मुलाच्या डॉक्टरांचा नंबर आणि उपचाराला तुमची लेखी संमती एका पिशवीत ठेवा. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं. तान्ह्यांचे थेंब आणि मोठ्या मुलांचं सिरप यांची तीव्रता वेगळी असते, थेंबांचं औषध चमच्याने गेलं तर डोस कितीतरी पट होतो. म्हणून डॉक्टरांना विचारून बाटलीवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पाच दिवसांचा पोळी-भाजीचा डबा लावा, वरकामाला एक बाई ठेवा. नातवंडं दुधावरची साय खरी, पण साय दिवसभर कडेवर घेऊन कंबर धरते. आणि जाण्याआधी आजीला मनापासून विचारा, ‘आई, तुम्हाला झेपेल ना?’ ती नाही म्हणाली, तर राग धरू नका.

आता निरोपाचं. फ्लाइट पहाटेची असली, तर संध्याकाळीच सांगा. बॅग मुलासमोर भरा. त्याला ‘पाच दिवस’ कळत नाहीत, म्हणून कालनिर्णयवर आजपासून परतण्याच्या दिवसापर्यंत चौकोन दाखवा आणि रोज रात्री एकेक चौकोन खडूने रंगवायला आजीला सांगा. फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी करा. झोपेच्या तोंडावर केलात तर मूल रडून जागं राहतं. मुंबईत सहा वाजता फुकेतला साडेसात, बालीला साडेआठ आणि मालदीवला साडेपाच वाजलेले असतात. ती वेळ सगळीकडे सोयीची आहे, आणि फोन ठेवला की आजोबांना मुलाला शिवाजी पार्कवर नेता येतं. परत आल्यावर मूल रुसलं, जवळ आलं नाही, तर मनाला लावून घेऊ नका आणि खेळण्यांनी त्याला विकत घेऊ नका. जमिनीवर त्याच्याजवळ बसा. पुढचे दोन दिवस घरातच राहा.

आपल्याकडे उंबऱ्यावर कोणी ‘जातो’ म्हणत नाही. म्हटलं तर घरातलं मोठं माणूस लगेच सांगतं, ‘येतो म्हण.’ हा शब्द आपण पाहुण्यांना देतो, शेजाऱ्यांना देतो, आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्या लेकरापासून मात्र चपला हातात घेऊन निसटतो.

मूल जागं असताना त्याला जवळ घ्या, ‘आम्ही येतो हं’ म्हणा आणि मग निघा. ते रडेल, आजीच्या खांद्यावरून दाराकडे हात करून रडेल. रडू द्या. आई-बाबा कुठल्या दाराने गेले, हे त्याने पाहिलेलं असेल. सकाळी उठल्यावर त्याला तुम्हाला पलंगाखाली शोधावं लागणार नाही.