विश्लेषण : मोटरहोमच्या मागे मोटार ओढून नेणे किती सुरक्षित? ‘टो डॉली’ वापरताना नेमके काय चुकते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेच्या महामार्गांवर एक दृश्य हमखास दिसते. बसएवढे मोटरहोम पुढे, आणि त्याच्या मागे एक छोटी मोटार. मोटारीची पुढची दोन चाके एका दुचाकी सांगाड्यावर चढवून बांधलेली, मागची दोन रस्त्यावर फिरत असलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या अनेकांनी हे पाहिले असेल. नोकरी बदलली की घरसामान भाड्याच्या ट्रकमध्ये आणि स्वतःची गाडी त्याच्या मागे, अशी हजारो किलोमीटरची मजल मारणारी मराठी कुटुंबेही तिथे आहेत. या सांगाड्याला म्हणतात ‘टो डॉली’. ती भाड्याने सहज मिळते, जोडायला फार वेळ लागत नाही, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी साधा वाहन परवाना पुरतो. काळजीचे कारण नेमके हेच आहे.

गाडीमागे गाडी न्यायचीच कशाला?

मोटरहोम हे चालते-फिरते घर आहे. एकदा कॅम्पग्राउंडवर लावून पाणी, वीज, सांडपाण्याच्या जोडण्या केल्या की दूध आणायला ते घर हलवणे परवडत नाही. शिवाय काही रस्त्यांवर ते जाऊच शकत नाही. मोंटानातील ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या प्रसिद्ध ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे. ज्यासाठी एवढा प्रवास केला तो रस्ताच पाहायचा तर सोबत छोटी गाडी हवी.

ती नेण्याचे तीन मार्ग आहेत. पूर्ण ट्रेलर, म्हणजे चारही चाके वर. हा सर्वांत निर्धोक, पण रिकामा ट्रेलरच साधारण दोन हजार पौंडांच्या आसपास भरतो. दुसरा ‘फ्लॅट टोइंग’, म्हणजे चारही चाके रस्त्यावर. अशा गाडीला तिकडे गमतीने ‘टोड’ म्हणतात, कारण ‘ओढलेली’ आणि ‘बेडूक’ या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार एकच. पण हे फक्त काही मॉडेल्सना चालते. होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंत या मंडळींची लाडकी होती. पुढच्या वर्षी गिअरबॉक्स बदलला आणि ती यादीतून गेली. तिसरा मार्ग टो डॉली. हलकी, स्वस्त, आणि गाडीत काहीही फेरफार करावे लागत नाहीत.

कोणती गाडी डॉलीवर चालते?

सगळा खेळ इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना जाते यावर आहे. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीची पुढची चाके डॉलीवर गेली की तिचा गिअरबॉक्स शांत बसतो. मागची चाके नुसती लोळत येतात. कोरोला, सिव्हिक या गाड्या म्हणूनच डॉलीला सोयीच्या.

रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत उलटे होते. मागची चाके फिरली की ती शाफ्टमार्फत गिअरबॉक्सला आतून फिरवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिन चालू असेल तरच चालतो. म्हणजे आतले भाग शेकडो मैल जवळपास कोरडे फिरत राहतात. शाफ्ट सोडवल्याशिवाय अशी गाडी डॉलीवर न्यायची नसते. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये तर पुढची चाके स्थिर आणि मागची फिरती, अशी ओढाताण मधल्या यंत्रणेवर येते. मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर थेट ट्रेलरच घ्यावा.

इलेक्ट्रिक गाड्यांचा मुद्दा वेगळा आणि जास्त गंभीर आहे. बे एरियातल्या मराठी घरांसमोर आता टेस्ला सर्रास उभी असते. तिची चाके फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते. त्यामुळे चाके जमिनीवर फिरतील अशा रीतीने गाडी नेऊ नका, असे कंपनीचे मॅन्युअल बजावते. यंत्रणा तापून नुकसान होऊ शकते. ‘थोडेच अंतर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

वजनाचे गणित कुठे फसते?

बहुतेक जण एकच आकडा पाहतात, तो म्हणजे हिचवर लिहिलेली ओढण्याची क्षमता. खरे तर आकडे तीन आहेत आणि त्यांतला सर्वांत लहान तुमचा.

उदाहरण घेऊ. समजा, मोटरहोम आणि मागचे सगळे मिळून कमाल वजन २२,००० पौंड, अशी मोटरहोमवर नोंद आहे. भरलेले मोटरहोम १४,००० पौंडांचे आहे. उरले ८,०००. पण मागचा हिच ५,००० पौंडांचाच आहे. मग मर्यादा ५,०००, म्हणजे सुमारे २,२७० किलो. गाडी ३,३०० पौंडांची आणि डॉली ७०० ची असेल तर बेरीज ४,००० होते. चालेल. तीच गाडी ४,६०० पौंडांची एसयूव्ही असेल तर बेरीज ५,३०० होते आणि गणित तिथेच संपते. डॉलीचे वजन या बेरजेत धरायचे लोक विसरतात. तिसरा आकडा डॉलीचा स्वतःचा. ती किती वजनाची गाडी पेलते हे तिच्यावर लिहिलेले असते.

यात ‘भरलेले मोटरहोम’ हे शब्द महत्त्वाचे. ५० गॅलनची पाण्याची टाकी भरली की एकदम ४१७ पौंड वाढतात, म्हणजे जवळपास १९० किलो. त्यात सायकली, जनरेटर, तांदळाची पोती (हसू नका, महिनाभराच्या सहलीला निघालेले मराठी कुटुंब ती घेतेच). माहितीपत्रकातले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत मोठा फरक पडतो. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर थोड्या पैशांत वजनकाट्यावर गाडी तोलून मिळते. ती पावती हातात असल्याशिवाय बाकीचे गणित अंदाजपंचे आहे.

बॉलचा आकार हा आणखी एक फसवा तपशील. हिचचे बॉल वेगवेगळ्या मापांचे येतात: १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. दोन इंचाच्या कपलरमध्ये १ ७/८ चा बॉल बसतो, वरून घट्टही वाटतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यावर निसटू शकतो. मापे बॉलवर आणि कपलरवर कोरलेली असतात. ती वाचून जुळवायची, डोळ्यांनी अंदाज करायचा नाही. सुरक्षा साखळ्या एकमेकींवर फुलीसारख्या तिरक्या लावायच्या. बॉल सुटलाच तर डॉलीचा दांडा रस्त्यावर न आपटता त्या फुलीत अडकतो.

मागची गाडी आहे की नाही, हे चालकाला कळत का नाही?

डॉलीचा सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते.

तीस फुटांच्या मोटरहोमच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला मागची मोटार आरशात दिसत नाही. ती मोटरहोमच्या पाठीमागे झाकली जाते. तिचे वजनही जाणवत नाही, कारण पुढचे वाहन तिच्या कित्येक पट जड आहे. त्यामुळे मागच्या मोटारीचे टायर पंक्चर झाले, हँडब्रेक अर्धवट लागून राहिला किंवा डॉलीचे बेअरिंग तापू लागले, तरी पुढे पत्ता लागत नाही. टायर चिंध्या होऊन धूर निघू लागतो आणि बाजूने जाणारा कोणी हॉर्न वाजवून खुणावतो तेव्हा कळते. तोवर आग लागण्याइतकी उष्णता तयार झालेली असू शकते.

यावरचे उपाय महागडे नाहीत. मागे कॅमेरा, आणि डॉलीच्या व मागच्या मोटारीच्या टायरांवर हवेचा दाब सांगणारे सेन्सर. माझ्या मते डॉलीवर शेकडो डॉलर खर्चून हे दोन टाळणे म्हणजे हेल्मेट घेऊन हँडलला अडकवण्यासारखे आहे.

हँडब्रेकबद्दल एक नवी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जुन्या गाडीत लिव्हर खाली केला की काम झाले. आजच्या अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असतो आणि इंजिन बंद केले की तो आपोआप लागतो. आपण डॉलीवर गाडी चढवतो, पट्टे आवळतो, इंजिन बंद करून उतरतो, आणि त्या क्षणी मागची चाके जाम होतात. खात्री करण्याची पद्धत साधी आहे. निघताना मोटरहोम दहा-पंधरा फूट अगदी सावकाश पुढे घ्यायचे आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभे राहून मागची दोन्ही चाके फिरताहेत का ते पाहायचे. चाकांवरचे पट्टे पहिल्या काही मैलांनंतर थांबून पुन्हा आवळायचे, कारण टायर थोडे दबून पट्टे सैल होतात. नंतरही प्रत्येक थांब्यावर एक फेरी मारायची आणि चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन उष्णता जाणवते का ते पाहायचे.

रिव्हर्स का घेता येत नाही?

साध्या ट्रेलरला एकच सांधा असतो, हिचचा बॉल. सराव असलेला चालक तो मागे घेऊ शकतो. डॉलीवर गाडी असताना सांधे दोन होतात. काही डॉलींमध्ये गाडीची चाके ठेवायचा प्लॅटफॉर्मच गोल फिरतो, काहींत तो स्थिर असतो आणि मोटारीचे स्वतःचे स्टिअरिंग वळून ते काम करते. (म्हणूनच पहिल्या प्रकारात स्टिअरिंग लॉक ठेवायचे असते आणि दुसऱ्या प्रकारात मोकळे. आपली डॉली कोणत्या प्रकारची हे तिच्या सूचनांमध्ये पाहायचे. इथे उलटे झाले तर पुढची चाके वळणावर घासत जातात.) दोन सांध्यांची साखळी मागून ढकलली की काही फुटांतच दुमडते आणि डॉलीचे मडगार्ड मोटारीच्या पत्र्यात घुसते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, जिथून सरळ पुढे बाहेर पडता येणार नाही तिथे आत शिरायचेच नाही. पेट्रोल भरायला ट्रक स्टॉपच्या रुंद लेन. कॅम्पग्राउंडचे बुकिंग करताना ‘पुल-थ्रू’ जागा, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. अडकलातच तर मोटार उतरवा, डॉली सोडा, हाताने फिरवा, पुन्हा जोडा. रात्री दहा वाजता, पावसात, मागे चार गाड्या हॉर्न वाजवत असताना.

वेग किती ठेवायचा?

कॅलिफोर्नियात दुसरे वाहन ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे ८८ किमी. इतर अनेक राज्यांत कायद्याने जास्त वेग चालतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ ऐवजी ७० मैलांनी गेलात तर ब्रेकला ६२ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ही ऊर्जा जिरवायला डॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत. अनेक राज्यांत ठरावीक वजनापुढे ते सक्तीचे आहेत, आणि मर्यादा राज्यागणिक बदलते. सक्ती नसली तरी ब्रेक असलेलीच डॉली घ्यावी. ‘सर्ज ब्रेक’ची रचना तर सुरेख आहे. पुढचे वाहन मंदावले की मागून डॉली कपलरवर रेटते, त्या रेट्यानेच आतला पिस्टन दाबला जातो आणि डॉलीच्या चाकांना ब्रेक लागतात. वेगळी वायर नको, चालकाने काही करायला नको.

लांब उतारावर मात्र कोणत्याच ब्रेकवर विसंबून चालत नाही. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर रॉकी पर्वत उतरताना तोच नियम लागतो जो खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या ट्रकला लागतो: उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर.

मागची गाडी डोलू लागली, उदाहरणार्थ शेजारून मोठा ट्रक वेगाने गेल्यावर, तर पहिली ऊर्मी ब्रेक दाबण्याची असते. ती आवरायची. एक्सलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे, वेग आपोआप उतरू द्यायचा. मोटरहोमचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे वजन पुढच्यावर चालून येते आणि डोलणे वाढते. मोटार कधीही उलटी चढवायची नाही, हेही याच कारणासाठी. इंजिनाचे वजन मागे गेले की शेपूट हलायला निमित्तच मिळते.

आपल्याकडे याचा काय संबंध?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी मोटरहोममागे मोटार हे चित्र इथे अजून दूर आहे. पण पुढची चाके उचलून, मागची रस्त्यावर ठेवून नेलेली गाडी आपण रोज पाहतो. बंद पडलेली गाडी नेणारी क्रेन हेच करते, आणि वरचे यंत्रशास्त्र तिला जसेच्या तसे लागू आहे. स्विफ्ट, आय-२० किंवा इनोव्हा हायक्रॉस या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढून उचलणे ठीक आहे, फक्त हँडब्रेक सोडलेला हवा. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यांना पुढून उचलून लांब नेले तर गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत बिघाड एकाचे दोन होऊ शकतात. त्यामुळे मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडून मदतीसाठी फोन केला, तर ठिकाणाच्या आधी गाडीचे मॉडेल आणि ती ऑटोमॅटिक आहे का हे सांगा. गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह, ऑल-व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक असेल तर क्रेन नको, सपाट ट्रक पाठवा, असे स्पष्ट म्हणा.