पूल दिसतो, खाडी दिसत नाही

अटल सेतूवर गाडी शंभरने पळते. शिवडी ते न्हावा शेवा, 21.8 किलोमीटर, खालची खाडी बघायला सवड कुणाला? बातम्याही आपण तशाच वाचतो. 12 जानेवारी 2024 ला पुलाचं उद्घाटन, 30 ऑगस्टला पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी, 76 हजार कोटींचा आकडा. सगळं स्टेटसवर आलं.

मग हे सांगा, फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला उरणच्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाखांची भरपाई द्यायला सांगितलं, ही बातमी किती जणांना ठाऊक आहे?

यात अवघड विज्ञान काही नाही. खारफुटीच्या मुळांत कोळंबीची, मासळीची पिल्लं वाढतात. भराव टाकून भरतीचं पाणी अडवलं की खारफुटी उभी वाळते आणि जाळं रिकामं येतं. कोळ्याच्या पोराला हे शाळेच्या आधी कळतं. आपलं पर्यावरण मात्र 5 जूनला रोप हातात धरून काढलेल्या फोटोत संपतं!

आता तेच जेएनपीटी, नवं नाव जेएनपीए, वाढवणमध्ये 74 टक्क्यांचं भागीदार आहे. तिथला मच्छीमार बोलला की लगेच 'विकासविरोधी'. हा शिक्का आपल्या ओळखीचा नाही का? 'कोळ्यांचं भांडण, आपल्याला काय' म्हणणाऱ्यांनी आठवावं, आपल्या वस्तीवर बुलडोझर आला की आपण शेजाऱ्याकडेच बघतो.

प्रकल्पाची जनसुनावणी लागली की अहवाल मागा. 2006 च्या अधिसूचनेनुसार त्याचा सारांश मराठीतही द्यावा लागतो.