मणक्यातला ‘गॅप’ आणि दवाखान्यातला संवाद

खास प्रतिनिधी, वसई

विरारहून चर्चगेटपर्यंत सुमारे साठ किलोमीटर उभ्याने जाणाऱ्या आणि तसेच परतणाऱ्या वसई-विरारकरांना कंबरदुखी परकी नाही. एक्स-रे काढून आलेल्या अनेकांच्या तोंडी निदानही एकच असते : ‘मणक्यात गॅप आहे.’ डॉक्टर घाईत बोलून जातात. रुग्णाला मात्र आपला कणाच निखळल्यासारखा वाटतो. तो वाकणे सोडतो, चालणे कमी करतो, औषधाच्या दुकानातून पट्टा घेतो.

वास्तविक, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार पाठदुखीचा लवलेश नसलेल्या पन्नाशीतील सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्यांतही झीज दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी दिलेल्या शिफारशींत रुग्णशिक्षण आणि व्यायामाचा समावेश आहे. पट्टे व ट्रॅक्शनचा सरसकट वापर टाळावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रुग्णाला नीट समजावणे हा येथे उपचाराचाच भाग ठरतो.

औषधांबाबत तर गोंधळ अधिक. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना जुनाट मानली जाते. ती मज्जातंतूंची असेल तर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. अॅमिट्रिप्टिलिन, प्रीगाबालिन यांसारखी औषधे दिली जातात. पहिले नैराश्यावरचे, दुसरे फिट्सवरही वापरले जाणारे. हे आधी न सांगता चिठ्ठी हाती दिली, की रुग्ण घरी जाऊन माहिती वाचतो आणि ‘मला वेडा ठरवले’ असे म्हणून गोळ्या बंद करतो. पुढे दुकानातून स्वतःच घेतलेल्या वेदनाशामकांचा भार पोट आणि मूत्रपिंडांवर पडतो.

ऐकून घेण्यातही कौशल्य लागते. ठणका, कळ, चमक, मुंग्या, आग हे शब्द एकाच दुखण्याचे नव्हेत. आग आणि मुंग्या म्हटले, की तंतूंचा संशय घ्यावा लागतो. इंग्रजीत शिकलेल्या डॉक्टरला वाडवळी वा सामवेदी बोलणाऱ्या आजीच्या तक्रारीतला हा फरक पकडता यायला हवा. तो कोणी शिकवायचा?

भारतीय वैद्यक परिषदेने वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद हा विषय २०१९ च्या प्रवेशापासून एमबीबीएसमध्ये आणला. ती पहिली तुकडी आता कुठे व्यवसायात उतरत आहे. आपल्या गल्लीतले बहुतेक डॉक्टर त्याआधीचे. त्यांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. त्यातले काही तास व्याख्यानांऐवजी मराठीतून प्रत्यक्ष संवादाच्या सरावाला देणे अवघड नाही. बाहेर रांग लागलेली असताना वेळ कोठून आणायचा, हा डॉक्टरांचा प्रश्न मात्र खरा आहे. पण ‘गॅप’ऐवजी ‘वयानुसार होणारी झीज, चालत राहा’ असे म्हणायला किती सेकंद लागतात?