आडवा येणारा

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने मेल करून विचारलंय, "मामा, तुमचं काय मत?" मत विचारलं की मास्तराला गप्प बसवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या मुलाचा आहे. वय पंधरा, अंगाने दणकट, आणि शाळेच्या फुटबॉल संघात 'लाइनबॅकर' म्हणून निवड झालेली. मुलगा हवेत, आई काळजीत आणि बाप मधल्यामध्ये. या विषयावर सगळ्या नातेवाइकांत फोनाफोनी चालू आहे असं कळलं, म्हणून उत्तर इथेच लिहितो. एकदाच लिहून होईल.

आधी हे लाइनबॅकर प्रकरण काय ते सांगतो, कारण आमच्या ताईला अजूनही वाटतंय की नातू पायाने चेंडू मारतो. अमेरिकेतला फुटबॉल मुख्यतः हातात चेंडू घेऊन खेळतात. अकरा जण चेंडू पुढे नेऊ बघतात, समोरचे अकरा जण त्यांना अडवतात. अडवणाऱ्यांची पहिली फळी अगदी तोंडासमोर उभी असते. तिच्या मागे जे तीन-चार गडी दबा धरून असतात ते लाइनबॅकर. चेंडू कुणाकडे जाणार हे क्षणात ओळखायचं, आणि जो घेऊन धावेल त्याला आडवं जाऊन पाडायचं. ताई, थोडक्यात म्हणजे कबड्डीतला आपला पकडपटू. फक्त वजन शंभर-एकशेदहा किलो आणि डोक्यावर शिरस्त्राण.

गंमत बघा, आपल्या भाषेत 'आडवा येणं' वाईट आणि 'पाय ओढणं' तर त्याहून वाईट. मांजर आडवं गेलं तरी आपण थांबतो! पण डाव्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या गड्याचं सगळं चातुर्य याच दोन दुर्गुणांत आहे. चढाईवाला बोनस रेषेकडे पाय टाकतो, नजर दुसरीकडे ठेवतो, आणि कोपऱ्यातला गडी त्याच अर्ध्या क्षणात घोट्याला मगरमिठी मारतो. तेवढ्यात मध्यरक्षकाने धावून येऊन साखळी पुरी करायची. अर्धा क्षण लवकर झेपावला तर हात रिकामा, उशिरा झेपावला तर गुण गेला. टाळ्या मात्र बहुतेक वेळा चढाईवाल्याला. मी शाळेचे संघ घेऊन तालुक्याला जायचो तेव्हा प्रत्येक पोराला चढाईच करायची असे. कोपऱ्यावर उभं राहायला एखादा अबोल, चिवट मुलगा शोधावा लागे. आणि सामना बहुधा तोच जिंकून देई.

असो. भाच्याने मेलमध्ये लिहिलंय की मुलाच्या खोलीत ज्युनियर सेऊ या लाइनबॅकरचं चित्र लावलेलं आहे. मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. मास्तर म्हणून मला तो फार जवळचा वाटला. कुटुंब सामोआ बेटांकडचं, घर कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइड गावात, परिस्थिती बेताची. सात वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं, घरात सामोअन बोलत. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे पहिलीच्या वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे सांगायला नको. वारली, कातकरी मुलं घरची बोली घेऊन येतात, आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते. पुढे सेऊला विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण प्रवेशपरीक्षेत दहा गुण कमी पडले म्हणून पहिलं वर्ष मैदानाबाहेर काढावं लागलं. त्यातून वर येऊन १९९० साली सॅन डिएगो चार्जर्सने त्याला घेतलं, देशातल्या निवडीत पाचवा क्रमांक! १९९१ पासून २००२ पर्यंत सलग बारा वर्षं तो उत्कृष्ट खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. तेरा हंगाम सॅन डिएगो, मग तीन मायामी. २००६ साली पत्रकारांना बोलावून निवृत्ती जाहीर केली. निवृत्ती म्हणू नका, हे माझं पदवीदान आहे असं म्हणाला. आणि आठवड्याच्या आतच न्यू इंग्लंडच्या संघात दाखल झाला! तिथे २००९ पर्यंत खेळला. एकूण वीस हंगाम. ज्या धंद्यात खेळाडूंची संघटनाच सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आतली सांगते, तिथे वीस.

२ मे २०१२ रोजी त्याने आपल्या घरी छातीत गोळी झाडून घेतली. वय त्रेचाळीस. त्याचा मेंदू तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे तपासायला दिला, आणि जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष आला की वारंवार बसलेल्या आघातांनी मेंदूचा ऱ्हास झाला होता. वीस वर्षांत डोक्याला मार लागल्याची नोंद त्याच्या नावावर नव्हती म्हणतात. २०१५ साली त्याला त्यांच्या सर्वोच्च मानाच्या दालनात स्थान मिळालं, तेव्हा तो ते बघायला नव्हता.

शिरस्त्राण असून असं कसं, असं भाच्याच्या बायकोने विचारलं म्हणे. सूनबाई, वाळलेला नारळ कानाशी हलवून बघ. आत गोटा खुडखुडतो. वरून करवंटी कितीही टणक असली, तिच्यावर किशी असली, तरी आतला गोटा हलायचा थांबत नाही. शिरस्त्राणाने कवटी फुटत नाही हे खरं, पण आतला मेंदू धक्क्यासरशी कवटीवर आदळतो तो आदळतोच. आणि डॉक्टर सांगतात की बेशुद्ध पाडणारा एखादा मोठा मारच नडतो असं नाही. हजारो लहान लहान धक्के, ज्यांनी माणूस नुसता डोकं झटकून पुन्हा उभा राहतो, ते साठत जातात. जितकी वर्षं खेळ, तितका धोका अधिक. शिवाय या विकाराचं खात्रीचं निदान अजूनही मेल्यावरच होतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. २०१३ साली तिथल्या लीगने माजी खेळाडूंशी साडेशहात्तर कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, पुढे ती मर्यादाही काढली गेली. एवढे पैसे कुणी उगाच देत नाही.

या सगळ्यात मला एक मुलगा आवडला. ख्रिस बोर्लंड, सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर. २०१४ मध्ये पहिलाच हंगाम खेळला, उत्तम खेळला, आणि मार्च २०१५ मध्ये चोविसाव्या वर्षी खेळ सोडला. डोक्याचा धोका पत्करायचा नाही एवढंच कारण. करारावर सही करताना मिळालेल्या रकमेतला बराच भाग परत केला. लोकांनी त्याला भित्रा म्हटलं की शहाणा, मला माहीत नाही. मी असतो तर वर्गात उभा करून टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

तेव्हा भाचेबुवा, माझं मत ऐका. पोराला पंधराव्या वर्षी यातून बाहेर काढा. खेळातून नव्हे, या खेळातून. धावू दे, पोहू दे, कुस्ती करू दे. त्याला राग येईल. चार महिने बोलणार नाही तुमच्याशी. बोलू नको म्हणावं.

आता तुम्ही म्हणाल, मामा गावात बसून पोरांना कबड्डी खेळायला लावतात आणि आम्हाला उपदेश करतात. हा मुद्दा रास्त आहे, कारण याच महिन्यात इथे दाभोसा गावातही असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, नाव सांगत नाही, बारावीत आहे. डावा कोपरा खेळतो. भातं कापून झाली की खाचरं मोकळी होतात, राखेने रेषा मारतात आणि अंधार पडेपर्यंत पोरं घुमत असतात. या मुलाची पकड मी स्वतः पाहिली आहे. त्याला ठाण्याच्या बाजूला एका क्लबात राहून खेळायचंय आणि बारावी अर्धवट सोडायची आहे. बाप म्हणाला, "गुरुजी, जाऊ देऊ का?"

माझं उत्तर भाच्याला दिलं त्याहून वेगळं आहे. कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर. वजनाला पंच्याऐंशी किलोची मर्यादा. समोरचा माणूस शंभर हात लांबून धावत येऊन छातीवर आदळत नाही. पकड घोट्याची, मांडीची, कमरेची असते. डोकी आपटत नाहीत असं नाही, खांदे निखळतात, बोटं मोडतात, पण खरा बळी जातो तो गुडघा. प्रो कबड्डीत २०२२ च्या लिलावात सव्वादोन कोटींच्या वर बोली लागलेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बसला, हंगाम संपला. पण पुढच्या वर्षी तो परत आला, बोली आणखी वाढली, आणि त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार म्हणून सुवर्णपदक घेऊन आला. गुडघा मोडला तरी माणूस शाबूत राहतो. लंगडत का होईना, बायकामुलांना ओळखतो. डोक्याचं तसं नाही. म्हणून त्या नातवाला मी नको म्हणतो आणि या पोराला खेळ म्हणतो.

पण बारावी सोडून? मुळीच नाही!

या पोरांच्या डोळ्यांपुढे लिलाव आहे. २६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, आमचा पालघर जिल्हा जन्माला आला. दोन्हींचं बारसं एकदमच म्हणायचं. जिल्ह्याने काय दिलं यावर पुन्हा कधी लिहीन. लीगने मात्र पोरांना आकडे दिले. पहिल्या वर्षी सर्वात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, बारा लाख ऐंशी हजार. २०२३ मध्ये पवनवर दोन कोटी साठ लाखांच्या वर, आणि इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर, जो मुळात अडवणारा गडी आहे, पुणेरी पलटणने दोन कोटी पस्तीस लाख लावले. हे आकडे आमच्या पाड्यांवर तोंडपाठ आहेत. पाढे पाठ नाहीत.

पुढचे आकडे कुणी पाठ करत नाही. इराणचाच फझल अत्राचली घ्या. डाव्या कोपऱ्याचा बादशहा, यू मुंबाकडून खेळला, पुणेरी पलटणचा कर्णधार होता, पकडीचे पाचशे गुण पार करणारा पहिला खेळाडू. त्याची बोली २०२३ मध्ये एक कोटी साठ लाख होती, पुढच्या वर्षी पन्नास लाख. चढाईवाल्यांचंही तेच. प्रदीप नरवाल, चढाईच्या गुणांचा विक्रमवीर, २०२१ मध्ये एक कोटी पासष्ट लाख, २०२४ मध्ये सत्तर लाख, आणि २०२५ च्या लिलावात कुणीच हात वर केला नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस! अठ्ठाविसाव्या वर्षी मी तर नुकता कायम झालो होतो.

अमेरिकेत निदान तीन हंगाम पूर्ण केले की लीगच्या निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. तिथल्या खेळाडूंची संघटना १९५६ पासूनची आहे, भांडून मिळवलंय त्यांनी. आपल्याकडे कबड्डीपटूचं निवृत्तिवेतन म्हणजे त्याची नोकरी, हे मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या खेळाडूंना कुणी शिकवावं लागलं नाही. रेल्वे, मुंबई बंदर, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, देना बँक, एअर इंडिया, पोलीस... संघ होते, भरती होती, सकाळी सराव आणि मग हजेरीपटावर सही. पोरगं पस्तिशीला मैदानातून उतरलं तरी टेबलखुर्ची राहत होती. आता देना बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. दारं कमी होत चालली आहेत, आणि याबद्दल कुणी ओरडत नाही, कारण सगळे दूरदर्शनच्या पडद्यावरचा झगमगाट बघत बसले आहेत. लीग वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मीही बघतो, मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने विजेतेपद जिंकलं तेव्हा एकटाच टाळ्या वाजवत होतो. पण नोकरीच्या संघांवर खेळ उभा होता, ते एकेक करून निघत असताना लिलावाच्या आकड्यांवर खूश होणं मला पटत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी रिशांक आणि आपला डावा कोपरा गिरीश इर्नाक दोघंही जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून उतरले. उपांत्य फेरीत इराणकडून हार झाली, सुवर्ण हुकलं, पण आमच्या पोरांना त्या दोन नावांचा अभिमान आहे आणि असावा.

बापाला मी सांगितलं ते असं. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. मुलाच्या हातात पकड आहे, उद्या राज्य पातळीवर खेळला तर प्रमाणपत्रही येईल, पण बारावीचा कागद नसेल तर ते प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं का? ठाण्याला जायचंय तर निकाल लागल्यावर जाऊ दे. आणि पोराला दूध, अंडी काही मिळतंय का ते बघ. नुसत्या नाचणीच्या भाकरीवर डावा कोपरा फार दिवस टिकत नाही. वावर-वांगणीच्या १९९२-९३ च्या कुपोषणाच्या आठवणी असलेल्या तालुक्यात हे पोराच्या बापाला सांगताना माझी जीभ जड झाली, पण सांगितलं.

मुलगा तिथेच बसला होता. त्याला फारसं पटलेलं दिसलं नाही. वाड्याकडची स्पर्धा जानेवारीत आहे, परीक्षा फेब्रुवारीत. दोन्ही जमतं म्हटलं. बाकीचे विषय तो काढेल, इंग्रजी जड जातंय. रविवारी सकाळी नऊला माझ्याकडे यायला सांगितलंय.