पेशीत दडलेला क्षयजंतू

क्षयरोगाची औषधे सुरू केली, की काही आठवड्यांतच रुग्णाचा ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. मग घरच्यांना वाटते, आता गोळ्या कशाला? डॉक्टर मात्र सहसा सहा महिने उपचार घ्यायला लावतात. असे का? याचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना क्षयजंतूच्या लपण्याच्या जागेतच डोकवावे लागले.

फुफ्फुसात शिरलेले जंतू गिळून टाकणे हे भक्षक पेशींचे काम. क्षयजंतू मात्र गिळला गेल्यावरही तिथेच मुक्काम ठोकतो. १९९८ साली त्याची जनुकीय संहिता उलगडली, तेव्हा त्याच्याजवळ सुमारे ४,००० जनुके असल्याचे कळले. पण ती सगळी एकाच वेळी काम करीत नाहीत. कोणते जनुक जागे आहे, हे त्याने धाडलेल्या आरएनए या संदेशावरून ओळखतात.

हा संदेश हाती लागणे कठीण. तो काही मिनिटांतच नष्ट होतो. शिवाय भक्षक पेशीच्या आरएनएपुढे जंतूचा आरएनए म्हणजे दर्यामें खसखस! त्यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. एका तीव्र रसायनाने पेशी फुटते, पण चिवट, मेणचट कवचाचा क्षयजंतू शाबूत राहतो. मग त्याला वेगळा काढून, अगदी बारीक मण्यांबरोबर जोरजोराने हलवून फोडतात आणि त्याच्यातले संदेश वाचतात.

उंदरांच्या भक्षक पेशींवरील असा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पेशीत शिरलेल्या जंतूने आपला सारा संसारच बदललेला दिसला. मेदाम्ले पचवणारी, लोह ओढून घेणारी आणि पेशीने सोडलेल्या विषारी नायट्रिक ऑक्साइडला तोंड देणारी जनुके जागी झाली होती. मेदावर गुजराण करण्यासाठी लागणारे एक विकर काढून टाकले, तर जंतू उंदरांत फार काळ तग धरत नाही, हे २००० सालीच दिसले होते.

अशा तऱ्हेने जुळवून घेऊन, वाढ मंदावून बसलेल्या जंतूंवर औषधांचा परिणाम सावकाश होतो. उपचार मध्येच सोडले, तर तेच पुन्हा डोके वर काढतात. कधी कधी औषधांनाही दाद देत नाहीत. म्हणून खोकला थांबला तरी डॉक्टरांनी सांगितलेली शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत घरच्यांनी रुग्णाच्या मागे लागायलाच हवे.